राजाचा कान

"आई, हात मागं घे."

दीक्षानं मीनाबाईंचं मनगट धरलं तेव्हा रुपया चिंचेच्या कोळापासून जेमतेम चार बोटं वर होता. कोळही साधासुधा नव्हे, चांगला दाट. चिंच पहाटेच भिजत घातलेली. शेजारी नारळाची शेंडी, आणि शेजारणीच्या बंबातली मागून आणलेली राख, वस्त्रगाळ केलेली. पावणं यायच्या आत रुपया लख्ख करून ताटलीत ठेवायचा, असा मीनाबाईंचा बेत होता. चांदी दिसली की घासायची, ही खोड या घरातून काही केल्या जात नव्हती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी देव गेले, पण चिंच-राख राहिली.

"अगं, काळाकुट्ट झालाय त्यो," मीनाबाई म्हणाल्या. "आधीच चोरीचा म्हणत्यात. त्यात असला मळका पुढ्यात ठेवायचा? बघणाऱ्याला काय वाटंल?"

"मळ न्हाय तो. त्या काळ्यातच सगळं लिहिलंय. तू धुतलास की आजोबा चोर ठरले म्हणून समज."

मीनाबाईंनी रुपया लेकीपुढं केला. दीक्षानं तो फक्त कडेनं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरला आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवला. महाद्वार रोडवर आण्णांच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात सहा वर्षं काढल्यावर हाताला ती सवयच लागली होती. नाणं बघायचं, त्याची अवस्था ठरवायची, पाकिटावर दर्जा लिहायचा, हे तिचं काम. घरात त्याची थट्टाच जास्त व्हायची. पोरगी बी. कॉम. झाली आणि गंजके पैसे निवडायला बसली, असं खुद्द मीनाबाईच शेजारपाजारी सांगायच्या.

आता हा रुपया कुठून उपटला, तर माळ्यावरच्या वाकळीतून. गेल्या मंगळवारी मीनाबाईंनी जुनी वाकळ उसवायला घेतली. ती त्यांच्या आजेसासूबाईंची, म्हणजे आजोबांच्या आईची, तानाबाईंची. ठिगळावर ठिगळ चढून घोंगड्यापेक्षा जड झालेली. एका कोपऱ्याची शिवण कापली आणि रुपया टप्पकन् फरशीवर पडला. चांदीचा, सन १९०७ चा, डोक्यावर मुकुट नसलेल्या राजाचा. म्हातारी माणसं ज्याला बोडका रुपया म्हणायची तो. मीनाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तेव्हाच पेठ वडगावला फोन लावून झुंबरबाईंना सांगून टाकलं. भोळी बाई. तिथंच सगळं बिघडलं.

झुंबरबाई म्हणजे गुंडूआजोबांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र अजून खणखणीत. छप्पन साली नागपूरची दीक्षा झाल्यावर गुंडूआजोबांनी तेव्हाच्या वारणाकाठच्या घरातले देव, टाक, ताम्हन, घंटी, सगळं एका धोतरात बांधून नदीत सोडलं. देव्हाऱ्यात एक चांदीचा रुपया होता, त्यांच्या वडिलांनी आणलेला, असाच बोडक्या राजाचा. तोही सोडला, असं आजोबा म्हणाले. देव सोडायचा आणि रुपया ठेवायचा, तर मग देवच ठेवावा की, एवढाच त्यांचा खुलासा असायचा. झुंबरबाईंनी स्वतः दीक्षा घेतली होती. देव गेल्याचं त्यांना काही नव्हतं. पण घरात जोंधळ्याचा दाणा नसताना चांदीचा रुपया पाण्यात टाकणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. गुंडूनं रुपया दाबला, हे त्यांनी तेव्हा ठरवलं ते ठरवलं. भाऊ अठ्ठ्याऐंशीत गेला, तरी त्यांचं मत काही हललं नाही.

आणि आता वाकळीतून तोच राजा निघाला.

बरं, ही नुसती घरातली कुरबुर असती तर कुणी कानामागं टाकली असती. पण विहाराला लागून नवं वाचनालय उभं राहिलं होतं. गल्लीतल्या तीन पिढ्यांना आजोबांनी कंदिलापाशी बसवून अक्षरं शिकवली होती, म्हणून नाव त्यांचंच द्यायचं, हे कमिटीनं एकमतानं ठरवलेलं. उद्या उद्घाटन. आज सकाळी झुंबरबाईंचा मुलगा बाळासो वडगावच्या पहिल्या एसटीनं आला, तो थेट शिडीवर चढलेल्या पेंटरपाशी गेला. जगाला देव सोडायला सांगून स्वतः देवाचा रुपया वाकळीत शिवणाऱ्याचं नाव भिंतीवर नको, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. बाळासो एसटीत कंट्रोलर होता. त्याचं साधं बोलणंसुद्धा स्टँडवर गाडी पुकारल्यासारखं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. कमिटीची माणसं कोड्यात पडली. तुम्ही घरातलं घरात मिटवा, दुपारपर्यंत सांगा, म्हणाले. पेंटरनं वरच्या ओळीत दिवंगतांसाठीचं 'कालकथित' आणि खालच्या ओळीत 'वाचनालय' लिहून ठेवलं होतं. मधली जागा तशीच कोरी ठेवून तो खाली उतरला आणि विडी ओढत बसला.

दीक्षानं ती पाटी येताना बघितली होती. तिचं नाव आजोबांनी ठेवलेलं, तिला पहिलं अक्षर आजोबांनी गिरवून दिलेलं. त्या माणसाच्या नावाची जागा गावासमोर रिकामी लोंबकळत होती.

अकरा वाजता सगळी जमली. मागल्या एसटीनं आलेल्या झुंबरबाईंना बाळासोनं हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्याच्या मागून एक उंच, सडपातळ गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, खिशाला चेनचं भिंग.

"हे उदयसिंह सरनोबत," बाळासोनं पुकारलं. "कोल्हापुरात रुपया जोखणारा ह्यांच्यापरीस कडक माणूस न्हाय. दीक्षा, तू दुकानात असतीस ते ठीक हाय, पर तू पडलीस घरची. तुझ्या तोंडचं कमिटी मानायची न्हाय."

"मला चालतंय काका," दीक्षा म्हणाली.

चालतंय कसलं, ती मनातून खूश झाली होती. उदयसिंहांना ती ओळखून होती. आण्णांनी 'एक्स्ट्रा फाईन' लिहून पाठवलेलं पाकीट हा माणूस एक पायरी उतरवून 'व्हेरी फाईन' करून परत धाडायचा. महा चिकट. पण सहा वर्षांत त्यांनी एकदाही खोटं लिहिल्याचं तिनं बघितलं नव्हतं.

उदयसिंह बसल्या जागेवरून ट्यूबच्या उजेडात फडक्यावर वाकले. खोलीत तसा अंधारच होता.

"गालावर करडं दिसतंय," ते म्हणाले. "बाजारात फिरलेला असणार. फाईन. लई तर व्हेरी फाईन. देवातला असंल, घासला बी असंल. वरनं काळं चढलंय."

"झालं की मग," बाळासोनं मांडीवर थाप मारली. "आणि काय पायजे?"

दीक्षाचा थोरला भाऊ अतुल इतका वेळ दाराशी उभा होता. हायस्कुलात शिक्षक, भांडण म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्यानं घसा साफ केला.

"दीक्षा, जाऊ दे. नाव नसलं म्हणून आजोबा काय ल्हान होत न्हाईत. नुसतं 'विहार वाचनालय' लिहू दे. उद्या पावणे येणार, त्यांच्यासमोर तमाशा नको."

दीक्षाला भावाचा भयंकर संताप आला. आजोबांच्या मांडीवर हा तिच्याआधी बसला होता.

"दादा, आज गप बसलास तर उद्यापास्नं 'चोराचा नातू' म्हणून हाक मारतील, त्याला 'ओ' द्यायची तयारी ठेव."

अतुलनं मान खाली घातली. झुंबरबाईंनी काठी फरशीवर आपटली.

"भांडू नका. धुवा त्यो रुपया. धुतला की खरं-खोटं वर येतंय. मीना, चिंच हाय न्हवं घरात?"

झालं. थोरल्या आत्याबाईंचा शब्द. तो मोडायची या घरात कुणाची बिशाद नव्हती. मीनाबाईंनी तर लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं मान वर करून बघितलं नव्हतं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कोळाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून दारात आल्या. मीनाबाईंनी एकदा लेकीकडं बघितलं, मग मागं वळल्या, आणि सगळा कोळ मोरीत ओतला. ओतल्याचा आवाज बाहेर सगळ्यांना आला.

"चिंच संपली, आत्याबाई," त्या म्हणाल्या.

अतुलला हसू आवरेना; त्यानं तोंडावर हात धरला. बाळासो खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला.

दीक्षानं फडक्यासकट रुपया उचलला. "सरनोबतसाहेब, एक विनंती हाय. ट्यूबखाली नको. दारात उन्हात या. कडेनं धरा, आणि हळूहळू कलवा."

"मला शिकवतीस व्हय?"

"न्हाय. आण्णा सांगतात, सरनोबतांच्या हातात नाणं उन्हात द्यावं, अंधारात त्यांचा चिकटपणा बोलतो."

उदयसिंहांच्या मिश्या हलल्या. ते उठले, उंबऱ्यात उभे राहिले, रुपया चिमटीत धरला आणि उन्हात कलवला. मग उलट्या बाजूनं कलवला. मग खिशातून भिंग काढलं. बाहेर सायकलवाला वांगी विकत होता तेवढाच आवाज. दीक्षा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. तिनं चार दिवसांत हा रुपया पन्नासदा बघितला होता, तिला खात्री होती. पण खात्री असणं वेगळं आणि या चिकट माणसानं ते तोंडानं कबूल करणं वेगळं.

"माझं चुकलं," उदयसिंह शेवटी म्हणाले.

"काय चुकलं?" बाळासो.

"बसल्या जागी बोललो ते. ह्यो रुपया बाजारात फिरलेला न्हाय. इकडं या, बघा. काळ्याखालनं उजेड कसा सरकतोय? राजाच्या गालावरनं, कपाळावरनं, कुठं तुटत न्हाय. टाकसाळीतनं निघालेल्या नाण्याचंच तेज हे. नाणं हातात फिरलं की पहिलं उंच जागेवरचं जातं. गाल, कान, मागच्या बाजूच्या मुकुटावरचे मणी. हितं मणी न् मणी मोजून घ्या."

"आन् गालावरचं करडं?" बाळासोनं विचारलं.

"ते ठोके हायेत दोन, झीज न्हाय. टाकसाळीत पोत्यात भरताना एकमेकांवर आपटत्यात. नवऱ्या मुलाच्या गालाला तीट लावावी तेवढे."

बाळासो इतक्यात हार मानणारा नव्हता. "अहो, पर देवातला रुपया छप्पन सालापास्नं वाकळीत पडून असाच काळा व्हायचा की. घासलेला होता, परत काळा झाला. त्यात काय?"

प्रश्न बिनतोड होता. उदयसिंहांनी दीक्षाकडं बघितलं. उत्तर तिनं द्यावं म्हणून त्यांनी भिंगानंच तिला खूण केली. दीक्षाला ते कळलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, काळं परत चढतंय, खरं हाय," ती म्हणाली. "पर राखेनं घासलं की चांदीवर बारीक ओरखडे पडतात. केसाएवढे. वरनं कितीबी काळं चढू दे, ते खाली राहतातच. ह्याच्यावर एकबी न्हाय. आणि हे काळं बघा, उभे-आडवे धागे उठल्यात. वाकळीच्या कापडाची वीण हाय ती. नवा कोरा असताना कुणीतरी ह्याला कापडात शिवलाय, आणि गेल्या मंगळवारी आईनं शिवण कापेपर्यंत तो तिथनं हलला न्हाय."

"बरोबर हाय," उदयसिंह म्हणाले. "कमिटीपुढं मी सांगतो. लिहून देतो म्हणा."

अतुल पुढं झाला आणि त्यानं भिंग मागून घेतलं. तो बराच वेळ बघत राहिला. "वीण दिसतीय गं," तो हळूच म्हणाला आणि बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. मघाचा राग दीक्षाला अजून होता, पण त्याचा खांदा शेजारी आला ते तिला बरं वाटलं.

पण खुर्चीतून झुंबरबाई बोलल्या, आणि सगळं परत जागच्या जागी आलं.

"शिकलेली माणसं तुम्ही. तेज म्हणाल, वीण म्हणाल. मला दिसतंय व्हय भिंगातनं? गुंडू बी असाच गोड बोलून पटवायचा. कमिटीला काय सांगायचं ते सांगा, मला न्हाय पटत."

बाळासोनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं बघितलं. त्याच्या आईला पटत नाही तोवर तो हटणार नव्हता, आणि गल्लीतली जुनी माणसं झुंबरबाईंच्या शब्दापुढं कुठल्या सरनोबताचं लिहून दिलेलं वाचत बसणार नव्हती. दीक्षाला हे लख्ख समजलं. कागदावर आजोबा सुटले असते, पण त्यांची सख्खी बहीण त्यांना चोर म्हणतच मेली असती.

ती झुंबरबाईंच्या पायापाशी फरशीवर बसली.

"झुंबरआजी, तुमचा देवातला रुपया कसा होता?"

"कसा म्हंजे? चांदीचा. बोडक्या राजाचा."

"आणखी? तुम्हीच घासत होता न्हवं?"

"मग कोण घासणार?" म्हातारी ताठ झाली. "दर अवसेला. सा-सात वर्साची होते तवापास्नं लगीन होऊस्तवर. आई भाकऱ्या बडवायची आन् मी चिंच-राख घेऊन बसायची. असा अंगठा फिरवायचा, असा. आरशागत करायची. राजाचं नाक बोथट झालतं. आन् कान तर पार गेलता. चिंचोक्यागत गुळगुळीत. बा आमचा हसायचा. म्हणायचा, झुंबरे, राजाला भैरा केलास, आता आपलं गाऱ्हाणं कोण ऐकणार."

बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा मांडीवरच्या लुगड्यावर गोल फिरत होता. दीक्षा त्या अंगठ्याकडं बघत होती. मग तिनं फडक्यावरचा रुपया उचलला.

"हात पुढं करा आजी."

"थांब," उदयसिंह दारातून जवळजवळ धावतच आले. "अगं, काय करतीस? कोऱ्या चांदीला अंगठा लावायचा न्हाय, तुला काय सांगायला पायजे? घामाचा ठसा एकदा बसला की जन्मात निघत न्हाय. ह्या सालचा असा कोरा तीस वर्षांत मी चार-पाच बघितले असतील. एका अंगठ्यात दोन पायऱ्या खाली येईल त्यो."

दीक्षाला हे माहीत नव्हतं असं नाही. सहा वर्षांत तिनं गिऱ्हाइकांचे हात हिसडून बाजूला केले होते, चांगल्या चांगल्या माणसांशी त्यापायी वाकडं घेतलं होतं. इतका देखणा रुपया तिच्या हाताखालून कधी गेला नव्हता. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ते क्षणभरच.

"येऊ दे खाली," ती म्हणाली, आणि रुपया झुंबरबाईंच्या तळहातावर ठेवून त्यांचा अंगठा धरून राजाच्या गालावर टेकवला. "बघा आजी. सावकाश बघा."

अंगठा फिरला. सवयीनं, जोरात, गोल. मग थांबला. झुंबरबाईंनी मान तिरपी केली. अंगठा मागं घेतला, नखाची कड टेकवली आणि परत त्याच जागेवरून नेली. एकदा. दोनदा. त्यांचे ओठ हलायला लागले.

"हे काय लागतंय?"

"कान," दीक्षा म्हणाली. "राजाचा."

"हाय?"

"हाय. पाळीसकट हाय."

झुंबरबाईंनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले, जसं काही दिसणारच होतं, आणि पुन्हा नख फिरवलं. नाक चाचपलं. दाढीचे केस चाचपले.

"ह्यो माझा न्हवं," त्या म्हणाल्या. "गेलेला कान परत कसा येईल? ह्यो माझा रुपया न्हवं."

"आई, नीट बघ," बाळासो म्हणाला, पण त्याचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा निघाला.

"गप बस. धा वर्सं घासलाय मी त्यो. तुझा चेहरा इसरीन, पर त्यो न्हाय." मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "बा नं दोन आणलते. मिरजेकडनं, रेल्वेच्या कामावरनं. कोरे करकरीत दोन. आई सांगायची. एक देवाला ठेवला. दुसरा गुंडूच्या वक्ताच्या बाळंतपणात मोडला, असं तिनं बा ला सांगितलं. मोडला कुठला. तिनं वाकळीत शिवला. बा च्या हातात पैसा टिकत नव्हता ना." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "मग आमचा कुठं गेला? त्यो भैरा?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण ते द्यायचा हक्क दुसऱ्या कुणाला नव्हता. मीनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"वारणंत हाय," झुंबरबाईच म्हणाल्या. "गुंडू म्हणत होता ते खरं होतं. टाकला त्यानं. घरात दाणा न्हाय आन् चांदीचा रुपया टाकला वेड्यानं." आणि एक्याऐंशी वर्षांची ती बाई हमसून हमसून रडायला लागली. सत्तेचाळीस वर्षं धरून ठेवलेला राग एकदम सुटला की माणसाला आधार राहत नाही. दीक्षानं त्यांचे गुडघे घट्ट धरून ठेवले. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी आतून ती आनंदानं नुसती उसळत होती. आजोबा सुटले होते. कागदावर नाही, भिंगात नाही. ज्या माणसानं त्यांना पकडलं होतं त्याच माणसाच्या हातून सुटले होते.

बाळासो उठून आईजवळ आला. "आई, मला काय ठावं? तूच सांगत आलीस म्हणून मी..."

"व्हय. मीच शिकवलं तुला मामाला चोर म्हणायला. आता मीच सांगतीय, न्हवता." त्यांनी रुपया दीक्षाच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि काठी शोधली. "पेंटर हाय का गेला?"

"असंल की. दुपारपर्यंत थांब म्हणून सांगितलंय."

"चला मग."

"अगं, ऊन किती झालंय. मी जाऊन सांगतो."

"तू गल्लीभर ओरडून आलास न्हवं सकाळी? मग मला बी गल्लीभर जाऊ दे."

निघताना उदयसिंहांनी दीक्षाच्या हातातला रुपया एकदा बघितला. राजाच्या गालावर ओला, ठसठशीत अंगठा उमटला होता. त्यांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "आता काय लिहिशील पाकिटावर?"

"काय लिहायचं ते लिहिते. विकायचा कुणाला हाय?"

"माझं घे लिहून," उदयसिंह म्हणाले. "सरनोबतांनी आयुष्यात एकदा दर्जा वाढवून दिला, तारखेसकट लिही." आणि ते स्वतःच मोठ्यानं हसले.

मग ती वरात निघाली. पुढं दीक्षाच्या खांद्यावर हात ठेवून झुंबरबाई, मागं मीनाबाई, अतुल, सरनोबत, आणि सगळ्यात शेवटी बाळासो, आईवर छत्री धरायला धावत. दारादारांतून बायका डोकावल्या. सकाळचा आरडाओरडा सगळ्यांनी ऐकला होता. आता काय होतंय ते बघायला निम्मी गल्ली मागोमाग आली. वाचनालयाच्या पायरीवर कमिटीची माणसं बसली होती, ती उठून उभी राहिली.

झुंबरबाईंनी कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. "माझ्या भावानं देवाचा रुपया घेतला न्हवता," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलत आले. जाणून न्हाय, पर खोटंच. ज्यानं ज्यानं माझ्याकडनं ऐकलं असंल, त्यानं इसरून जावा. पेंटर कुठाय?"

"हाय की आजी," पेंटर विडी विझवत उठला.

"लिही."

पेंटरनं बाळासोकडं बघितलं. बाळासोनं छत्री मीनाबाईंच्या हातात दिली, पुढं जाऊन शिडी भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी गच्च धरून उभा राहिला. "चढ," तो म्हणाला. "मी धरलीय."

ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. कुणी खुर्ची आणली, झुंबरबाई बसल्या नाहीत. ब्रश भिंतीवर फिरत होता आणि त्यांना तो दिसत नव्हता. त्या आपल्या दर थोड्या वेळानं विचारायच्या, कुठवर आलं. दीक्षा सांगायची. 'गुंडू' झालं आजी. 'धोंडी' झालं. आता 'कुरणे'. 'कु' काढलाय. पेंटरही हुशार, त्यानं घाई केली नाही. अक्षराला सावली देत, वेलांटी वळवत सावकाश लिहिलं. शेवटी तो खाली उतरून मागं सरकला.

"झालं?"

"झालं, आजी."

"वाच."

दीक्षानं वाचलं. आवाज चार माणसांपलीकडं गेला नाही.

झुंबरबाईंनी तिचा खांदा दाबला. "असं नको. मी त्याला चोर म्हणायची ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मोठ्यानं वाच."

दीक्षानं छाती भरून श्वास घेतला.

"कालकथित गुंडू धोंडी कुरणे वाचनालय."

गल्लीच्या पार टोकाला वांगीवाल्यानं सायकल थांबवून मागं वळून बघितलं.

"आता बरं," झुंबरबाई म्हणाल्या. "अजून एकदा."